दूरचे व्यासपीठ आणि गावची मंडळी

कंधारसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या ख्रिस्ती घरात मृत्यू झाला, म्हणजे पहिला निरोप पाळकांकडे जातो आणि दुसरा सुताराकडे. पाळक येऊन कुटुंबाजवळ बसतात, प्रार्थना करतात, दफनाची वेळ ठरवतात; आणि तिकडे सुतार, हातातले चौकटी-दरवाजांचे काम बाजूला सारून, मृताच्या उंचीचे माप विचारून घेतो, फळ्या काढतो, रातोरात रंधा मारून शवपेटी उभी करतो, तिला आतून पांढरे कापड लावतो आणि झाकणावर पट्ट्यांचा क्रूस ठोकतो. हा सुतार बहुधा ख्रिस्ती नसतो. पांचाळ असतो किंवा मुसलमान असतो. परंतु क्रूसाची आडवी पट्टी कोठे बसवावयाची, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही, कारण त्याच घरातील आजोबांची पेटी त्याच्या वडिलांनी केलेली असते. पैशांचा विषय त्या रात्री निघत नाही. माती देऊन झाल्यावर चार दिवसांनी घरातील कर्ता माणूस दुकानी जातो, सुतार एक आकडा सांगतो, आणि तो आकडा ऐकताच जाणाऱ्याच्या ध्यानात येते की मजुरीचा मोठा हिस्सा त्याने धरलेलाच नाही.

त्याच घराचा आनंदाच्या दिवसांतील व्यवहार पाहिला, म्हणजे मन विषण्ण होते. नाताळची चांदणी मोबाइलवरून मागवली जाते, केक नांदेडच्या एखाद्या मोठ्या साखळी-दुकानातून येतो, मुलांचे कपडे पार्सलने येतात, लग्नपत्रिकेचा नमुना परक्या शहरातील कोणी तयार करून पाठवतो, आणि पवित्र शास्त्राची प्रतदेखील, जी पूर्वी पाळकांच्या कपाटातून किंवा पुस्तके घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या एखाद्या वृद्ध विक्रेत्याच्या पिशवीतून हाती येत असे, ती आता कुरिअरवाला उंबऱ्यावर ठेवून जातो. पार्सलापर्यंत गोष्ट थांबली असती, तर मी हा लेख लिहिण्यास बसलो नसतो. परंतु रविवारची उपासनाही त्याच वाटेने घरात आली आहे. मुंबईचे, हैदराबादचे, क्वचित अमेरिकेतील प्रवचन यूट्यूबवर लावून घरातील मंडळी चहा घेता घेता ते ऐकतात, पडद्याच्या कोपऱ्यातील क्यूआर चौकट टिपून अर्पण पाठवतात, आणि गावात ज्या घरी पंधरा-वीस माणसे चटईवर बसून आपली वाट पाहत असतात, तेथे त्या दिवशी आपल्या कुटुंबाची जागा रिकामी राहते.

महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक किती, याचे उत्तर २०११ च्या जनगणनेत आहे: सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी, आणि त्यांतील बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) या बाजूंस. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी वाट्यास येतात ती मोजकी घरे. तेव्हा सर्वसाधारण वृत्तपत्राच्या वाचकाने या प्रश्नाकडे का पाहावे, अशी शंका कोणी घेतली तर ती अयोग्य नाही. माझे उत्तर असे की, प्रश्न ख्रिस्ती असला तरी व्याधी सर्वांची आहे. गावच्या हरिनाम सप्ताहात वीणा धरण्यास माणूस मिळेनासा झाला आहे, आणि त्याच गावात नामांकित कीर्तनकारांची कीर्तने मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर ऐकली जात आहेत, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना माझे म्हणणे परके वाटणार नाही. मोठ्या समाजात दहा माणसे घरी बसली तरी टाळांचा आवाज कमी होत नाही. वीस माणसांच्या मंडळीतून पाच उठून गेली की गीत उचलण्यास कंठच उरत नाही. लहान समाजात रोग लवकर दिसतो, एवढाच फरक.

पडद्याविषयी कृतघ्न होण्याचा माझा हेतू नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार कुलूपबंद दारांआड गेला. राज्यातील प्रार्थनास्थळे त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास, उघडली, पुढच्या वसंतात पुन्हा बंद झाली आणि शेवटी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. या दीड वर्षात अंथरुणास खिळलेल्या वृद्धांना, एकाकी विधवांना, रुग्णालयात खाटेवर पडलेल्यांना प्रार्थनेचा जो शब्द ऐकू आला, तो याच यंत्राच्या द्वारे. आजही कंधार, लोहा, मुखेड या भागांतून ऊसतोडीला गेलेले कुटुंब सहा-सहा महिने कारखान्याच्या परिसरात पालावर राहते. त्यातील एखाद्या मुलीने संध्याकाळी मोबाइलवर आपल्या गावच्या पाळकांची प्रार्थना ऐकली, तर तिला कोणी दोष द्यावा? परंतु ही मुलगी आपल्याच मंडळीचा आवाज दुरून ऐकते. आणि घरापासून हाकेच्या अंतरावर मंडळी जमलेली असताना जो परक्या व्यासपीठाचा आवाज ऐकत बसतो, त्याची गोष्ट अगदी निराळी. पहिलीचा अंतरामुळे नाइलाज आहे. दुसऱ्याने अंतर स्वतः निर्माण केले आहे.

आणि येथे मला इतिहासाचे स्मरण करून देणे भाग आहे, कारण दूरच्या व्यासपीठाची ताबेदारी महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाने एकदा भोगलेली आहे. आमच्या मंडळ्यांचा खर्चवेच एके काळी बोस्टन आणि एडिंबरा येथील मिशन मंडळांच्या मंजुरीने चालत असे; पाळकाचा पगार, शाळेची इमारत, दवाखान्याचे औषध, यांतले पुष्कळसे परदेशातील अज्ञात दात्यांच्या पैशांतून येई; आणि ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती निर्णय, हा जगाचा शिरस्ता तेथेही होताच. या परावलंबनाची खंत आमच्याच लोकांना प्रथम वाटली. १८४३ साली मुंबईत ज्यांच्या बाप्तिस्म्याने सारा ब्राह्मणवर्ग ढवळून निघाला, ते रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे निजामी राज्यात जालन्यास आले, आणि दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. तेथील माणसांनी आपल्या शेतीवर आणि आपल्या हातच्या कामावर उभे राहावे, ही त्यामागची दृष्टी होती. धर्मांतर केलेल्या गरीब माणसाला मिशनच्या दारातील याचक होऊ न देता गावकरी करावयाचे, असा तो यत्न होता, आणि तो आमच्याच मराठवाड्याच्या मातीत झाला, याचा मला अभिमान वाटतो.

पुढे १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मिशनची वेतनाची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताची भक्ती या देशाच्या भाषेत, या देशाच्या भजन-कीर्तनाच्या चालीवर आणि या देशातील माणसांच्या हिमतीवर चालावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यांना उणीपुरी दोन वर्षे मिळाली. १९१९ मध्ये ते गेले. तथापि त्यांनी दाखवलेली दिशा पुसली गेली नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातील अनेक मंडळ्या एकत्र येऊन एक स्वदेशी चर्च स्थापन झाले, तोवर परदेशी मिशनरी जाऊ लागले होते, त्यांचे बंगले रिकामे होत होते, आणि गावोगावच्या मंडळ्यांच्या पंचायती, कुरकुरत का होईना, आपल्या पाळकाचे वेतन आपण जमवण्यास शिकत होत्या. शंभराहून अधिक वर्षांच्या धडपडीने जे स्वावलंबन मिळाले, ते आम्ही मोबाइलच्या एका स्पर्शाने पुन्हा दूरच्या व्यासपीठास अर्पण करीत आहोत. फरक असलाच तर असा की, तेव्हा बोस्टनहून पैसा इकडे येत असे. आता आमच्या मजुरीतला पैसा तिकडे जातो.

हा पैसा गावात राहिला असता, तर त्याचे काय झाले असते, हे ख्रिस्तीतर वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. लहान मंडळीचे उत्पन्न म्हणजे रविवारचे अर्पण, ज्यांना जमेल त्यांचा दशांश, आणि वर्षातून एकदा येणारा कापणीचा सण. खरिपाची रास घरात आली, म्हणजे एका रविवारी प्रत्येक कुटुंब आपल्या मिळकतीतून काही घेऊन येते: कोणी ज्वारीची पायली, कोणी तूर, कोणी सोयाबीनची गोणी, कोणी कोंबडी, कोणी भोपळा, आणि ज्याला शेतच नाही ती बाई घरी शिवलेली गोधडी. उपासनेनंतर या सर्व वस्तूंचा लिलाव होतो. भोपळ्याला बाजारात जेवढी किंमत येते, तिच्या चौपटीने तो तेथे विकला जातो, घेणारा तो पुन्हा मंडळीस परत देतो, पुन्हा बोली लागते. आणि संध्याकाळी हिशेब होतो तेव्हा त्यात पाळकाच्या दोन-तीन महिन्यांच्या वेतनाची, एखाद्या मुलाच्या परीक्षेच्या फीची किंवा गळक्या पत्र्याच्या दुरुस्तीची तजवीज झालेली असते. मिझोराममध्ये याहूनही साधी रीत आहे. तेथील ख्रिस्ती गृहिणी रोजच्या स्वयंपाकाचे तांदूळ घेताना एक मूठ बाजूस काढून ठेवतात. तिला तेथे 'बुहफाइ थम' म्हणतात. आठवड्याने मंडळीचे लोक तो तांदूळ गोळा करतात, विकतात, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून या मुठींवर तेथील चर्चची केवढी तरी कामे उभी राहिली आहेत. मूठभर तांदूळ क्यूआर चौकटीतून पाठवता येत नाही. तो घेण्यास कोणाला तरी दारात यावे लागते, आणि दारात आलेल्याला घरात कोण आजारी आहे, हे आपोआप समजते.

देणारे हात आणि धर्मस्थान यांचे असे नाते कंधारच्या मातीला नवे नाही. राष्ट्रकूटांच्या काळी वैभवास चढलेल्या या नगरात तिसऱ्या कृष्णाच्या वेळचा जो शिलालेख सापडला, त्यात देवालयांस आणि धर्मकार्यांस दिलेल्या दानांची नोंद आहे. आणि हाजी सय्याह सरवर मख्दूम यांच्या दर्ग्याच्या उरुसात फुले, चादरी, मिठाई विकणाऱ्या हिंदू-मुसलमान दुकानदारांचे कित्येक दिवसांचे पोट भरते. धर्मस्थान आणि त्याच्या भोवतालची पेठ ही येथे हजार वर्षे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत.

मंडळीचे आणखी एक काम आहे, आणि ते कचेरीतले असल्यामुळे प्रवचनांत त्याचा उल्लेख सहसा होत नाही. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याने होतात. त्या कायद्यान्वये विवाह लावणाऱ्या पाळकास अधिकार असावा लागतो, विवाहाची नोटीस चर्चच्या दर्शनी भागी लावावी लागते, नोंदवहीत साक्षीदारांच्या सह्या व्हाव्या लागतात, आणि त्याच नोंदीवरून मिळालेला दाखला पुढे पारपत्रापासून वारसापर्यंत सर्व ठिकाणी चालतो. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीतील एक ओळ कित्येक वृद्धांच्या जन्मतारखेचा एकमेव पुरावा ठरली आहे. दफनभूमीचा प्रश्न तर याहून बिकट. गायरानातील एखादा तुकडा तीन पिढ्या वापरात आहे, पण सातबाऱ्यावर नोंद नाही. कोणी अतिक्रमण केले, म्हणजे तलाठ्याकडे, तहसील कचेरीत, मोजणी खात्यात अर्ज घेऊन खेटे घालावे लागतात. आणि तेथे साहेब पहिला प्रश्न विचारतात की, अर्जदार कोण? लाखो श्रोते असलेल्या प्रवचनकाराचे नाव तेथे अर्जदार म्हणून घालता येत नाही. तेथे लागते ती गावची नोंदलेली मंडळी, तिचा न्यास, तिचे दप्तर, आणि कामधंदा बुडवून कचेरीच्या व्हरांड्यात बसणारे तिचे दोन पंच. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याने या न्यासाला जमाखर्च तपासून घ्यावा लागतो, आणि वार्षिक सभेत सर्वांत गरीब सभासदही उठून, दिव्याच्या बिलात इतकी रक्कम कशी लागली, असे विचारू शकतो. पडद्यावरील प्रवचनकाराला त्याच्या थैलीचा हिशेब कंधारचा माणूस कोठे आणि कसा विचारणार?

गावच्या मंडळीत दोष नाहीत, असे मी म्हणत नाही. माझ्या म्हणण्यास सत्याचा आधार राहावा म्हणून ते कबूल करणे मला अवश्य वाटते. पंचायतीच्या खुर्चीसाठी भांडणे होतात. मिशनच्या जुन्या जमिनींवरून भाऊ-भाऊ न्यायालयात गेले आहेत. ज्या जातिभेदातून सुटण्यासाठी आजोबा या मंडळीत आले, तो सोयरिकीच्या वेळी नातवाच्या दारात पुन्हा उभा राहतो. तरुण शिकलेला मुलगा उपासनेस येतो, आणि तेच प्रवचन तिसऱ्यांदा ऐकून खट्टू होऊन जातो. या सर्व तक्रारी खऱ्या आहेत, परंतु त्यांचे औषध मंडळीत येऊन बोलण्यात आहे. घरी बसून अधिक सुरेल गाणे आणि अधिक प्रभावी वक्ता शोधण्याने आपला रविवार सुखाचा होतो, मंडळी मात्र आहे तेथेच राहते, किंबहुना खचते. अभ्यासू पाळक हवा असेल, तर त्याला ग्रंथ घेण्यापुरते आणि सकाळच्या वेळी मोलमजुरी न करता वाचन करण्यापुरते वेतन आपणच दिले पाहिजे.

आता दुकानांविषयी. 'आपल्या माणसाकडूनच खरेदी करा' असा उपदेश अलीकडे पुष्कळांकडून ऐकू येतो, आणि काही ख्रिस्ती मंडळीही तोच शब्द उचलू लागली आहेत. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती दुकानातूनच घ्यावे, या मताचा मी विरोधी आहे. ही भाषा आज ज्यांच्या तोंडी आहे, त्यांनी उद्या ती उलट फिरवली, तर मूठभर लोकांच्या समाजाचे एकही दुकान चालणार नाही, हा व्यवहाराचा विचार झाला. पण त्याहून मोठे कारण त्या सुताराचे आहे, जो आमचे क्रूस ठोकतो. दुकानदाराचा धर्म पाहून जर आपण पायरी चढणार असू, तर त्याच्या दुकानापुढून आपण कोणत्या तोंडाने जाणार? चांगल्या ख्रिस्ती उद्योगाचे लक्षण मला निराळे दिसते. १९१८ मध्ये वसईच्या कॅथलिक समाजाने आपल्या शेतकऱ्यांसाठी जी पतसंस्था काढली, तीच आज बॅसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून सर्व धर्मांच्या खातेदारांची सेवा करते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली अक्षरे पाडण्याचे काम शिकलेला मुलगा म्हणजे जावजी दादाजी. त्यांनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला आणि संस्कृत ग्रंथ देशभर पोचवले. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांना खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सर्व शिकवले, आणि त्यांनी भाषांतर केलेले संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये तेथेच छापून निघाले. या उद्योगांनी गिऱ्हाइकाचा धर्म विचारला नाही, आणि शिकणाऱ्याला हुन्नर दिला.

मराठवाड्यातील ख्रिस्ती धंदा लहान का, याचेही कारण आहे, आणि ते आळसात शोधणे अन्याय होईल. येथील ख्रिस्ती समाज बहुतांशी भूमिहीन अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती त्याला नाकारल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना अद्याप नाहीत. भांडवल नसलेल्या माणसाने घरच्या ओवनात भाजलेले केक, एका शिलाई यंत्रावर शिवलेले लग्नाचे पांढरे झगे, कौटुंबिक प्रार्थनेची पुस्तिका छापणारे लहानसे मुद्रणालय, अशीच दुकाने काढली. अशा दुकानात कंधारच्या कोणाही माणसाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, नाताळला एक किलो केक घेतला, तर ते पैसे त्याच पेठेतील किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात आणि शाळेच्या फीत फिरतात. दुकानदाराचेही कर्तव्य आहेच: वेळ पाळावी, माल चोख द्यावा, आणि आपण एका धर्माचे म्हणून गिऱ्हाइकाने उणे माल सहन करावा, ही अपेक्षा धरू नये. चार-दोन रुपयांचा फरक मी देईन. खराब माल मी घेणार नाही, आणि इतरांनी घ्यावा असे सांगणार नाही. ज्या वस्तू येथे मिळतच नाहीत, त्या दुरून मागवण्यात काही गैर नाही.

खरिपाची रास या वर्षीही घरात येईल आणि ठिकठिकाणच्या मंडळ्या कापणीचा सण ठरवतील. ख्रिस्ती वाचकांस माझी विनंती आहे की, त्या रविवारी मोबाइल घरी ठेवून, आपली पायली घेऊन जा, वर्षभर न बोललेल्या पंचाशेजारी बसा, आणि लिलावात बोली लावा. इतर वाचकांस विनंती अशी की, आपल्या गावी असा सण असेल, तर तुम्हीही या. लिलावात कोणाही माणसाला बोली लावता येते, आणि त्या सुताराला, ज्याने आपल्या मजुरीचा हिस्सा सोडला होता, पहिल्या रांगेत बसण्याचे निमंत्रण आधीच गेलेले असले पाहिजे.